आधी उतार, मग चढ

गडावर जाताना दम लागला तर अर्ध्यातून माघारी फिरता येतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत हिशेब उलटा. पाय ताजे असताना उतार आणि दमल्यावर चढ. मला हे कळत होतं, वळलं मात्र नाही.

मेच्या अखेरीस आम्ही दोघं साउथ कायबॅब वाटेनं उतरलो. तिच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही. पहाटेची फुकट शटल बस धरा. आमचा टप्पा, सीडर रिज, खाली २.४ किलोमीटरवर. "सिंहगडापेक्षा कमीच," मी हिला ऐटीत सांगितलं.

सुरुवातीचा फिकट कायबॅब चुनखडक २७ कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटींचा! म्हणजे इथला सगळ्यात वरचा, 'नवा' थरच आपल्या गडांच्या चौपट जुना. त्याखाली कोकोनिनो वालुकाश्म: तिरक्या रेघा दिसल्या की ओळखावं, या वाऱ्यानं रचलेल्या टेकड्या. मग एकदम लाल माती, बूट रंगवणारी. तळाशी १७० कोटी वर्षांचा 'विष्णू शिस्ट' नावाचा खडक आहे. एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकानं इथल्या सुळक्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली, त्यातलंच हे. हवासुपाई हे मूळ आदिवासी लोक इथे शतकानुशतकं राहत होते, त्यांची नावं मात्र कुणी विचारली नाहीत. ब्राइट एंजल या दुसऱ्या वाटेवरच्या त्यांच्या मळ्यांतून शेवटच्या रहिवाशाला १९२८ मध्ये हुसकावलं. तिथलं 'इंडियन गार्डन' हे नाव बदलून 'हवासुपाई गार्डन्स' व्हायला २०२२ उजाडलं.

सीडर रिजपर्यंत उतरायला पाऊण तास लागला, वर यायला जवळजवळ दोन. दुपटीचा वेळ धराच. साउथ कायबॅब वाटेवर पाण्याचा थेंब नाही. ब्राइट एंजलवर उन्हाळ्यात नळ असतात, पण पाइप फुटतो, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. नुसतं पाणी ढोसू नका, खारे शेंगदाणे, चिवडा सोबत ठेवा. तळाला दरीच्या वरच्या काठापेक्षा दहा-बारा अंशांनी जास्त तापतं, त्यामुळे एका दिवसात तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन यायचा हट्ट उन्हाळ्यात नकोच. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं.

पेज या गावाहून नावाहो आदिवासींच्या भागातून येणार असाल तर फोनच्या घड्याळावर विसंबू नका. उन्हाळ्यात नावाहोंचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. आम्ही बसथांब्यावर तासभर आधीच कुडकुडत उभे होतो.