खपली

पेन्सिलीला टोक करताना ब्लेड डाव्या अंगठ्यात घुसलं, त्याला आज आठ दिवस झाले. चीर जेमतेम अर्ध्या नखाएवढी. पण नेमकी अंगठ्याच्या मधोमध, त्यामुळे फोन तेव्हापासून मला ओळख दाखवत नाही. जखमेवर आता तपकिरी, कडक खपली आहे. तिची एक कड किंचित उचकटली आहे आणि माझं नख दिवसातून पन्नास वेळा तिथे जाऊन येतं. खपली काढू नये हे मला पाचव्या वर्षापासून माहीत आहे. माहीत असून काय उपयोग?

ब्लेड लागलं तेव्हा आधी रक्त आलंच नाही. एक पांढरी रेघ दिसली, क्षणभर वाटलं, वाचलो. मग त्या रेघेवर लाल मणी उगवले, एकमेकांत मिसळले आणि ओघळले. कापलेल्या रक्तवाहिन्या आधी स्वतःला आवळून घेतात, म्हणून ती पांढरी रेघ. तेवढ्या अवधीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण, चिरेच्या तोंडाशी चिकटू लागतात, त्यांच्याभोवती फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यात तांबड्या पेशी अडकतात. पुढे हेच वाळून खपली होते. मी तेव्हा फक्त बोट तोंडात घालून उभा होतो.

संध्याकाळी अंगठा ठणकायला लागला. लाल, गरम, फुगलेला. सूज म्हणजे जंतूंचा उपद्रव असं मला बरीच वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात हा धुडगूस बहुतेक आपल्याच माणसांचा असतो. रक्तातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना जखमेजवळ आपली वाहिनी खडबडीत लागते. चालता चालता कठड्यावरून हात फिरवत जावं तशा त्या भिंतीला चाटत, गडगडत येतात, हळू होतात, घट्ट चिकटतात आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. तिथून पुढे सरपटत, मिनिटाला साधारण स्वतःच्या लांबीएवढं अंतर काटत, जंतूंच्या वासावर.

1882 साली इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ इटलीत, सिसिलीतल्या मेसिना गावी होता. घरचे सगळे सर्कशीला गेले होते आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्याने बागेतले गुलाबाचे काटे आणून त्यांना टोचले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! 1908 साली त्याला नोबेल मिळालं. घरच्यांना सर्कस कशी वाटली, ते मात्र कुठे वाचनात नाही.

काही बाळं जन्मतःच अशी असतात की त्यांच्या पांढऱ्या पेशींना भिंत धरायची आकडीच नसते. रक्त तपासलं तर पेशी भरमसाट, पण उतरायचा थांबा आला तरी एकीलाही उतरता येत नाही. नाळ पडायलाच कित्येक आठवडे लागतात. जंतुसंसर्ग होतो, पण पू होत नाही, कारण पू म्हणजे मुख्यतः त्या कामी आलेल्या पांढऱ्या पेशीच. हे वाचल्यापासून पुवाकडे पाहून नाक मुरडणं मी सोडलंय.

खपलीबद्दल मात्र माझा जरा भ्रमनिरास झाला. जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की निम्मं काम झालं, अशी आमची पिढीजात समजूत. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या अंगावरच्या काही जखमा उघड्या ठेवल्या आणि काहींवर पातळ प्लॅस्टिक लावलं. झाकलेल्या, ओल्या राहिलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली. कारण कडेच्या त्वचापेशींना सरकायला ओल लागते. खपलीखालून त्यांना वाळलेला भाग टाळत, वाट कोरत जावं लागतं. म्हणजे जिला आठ दिवस जपली, ती बाई वाटेतच बसून होती.

तरीही त्या पोचतात. दोन्ही कडांच्या पेशी पुढचा पातळ पदर पसरत येतात, समोरासमोर भेटतात आणि थांबतात. मला सगळ्यात नवल वाटतं ते या थांबण्याचं. 1950च्या दशकात लंडनमध्ये मायकेल ॲबरक्रॉम्बी आणि जोन हेझमन या जीवशास्त्रज्ञांनी कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयातल्या पेशी काचेवर वाढवल्या. एक दुसरीला टेकली की तिचा तो पदर गोठायचा आणि ती दिशा बदलायची. मग त्यांनी कर्करोगाच्या पेशी घेऊन पाहिलं. त्या थांबल्या नाहीत, समोरच्यांत सरळ घुसल्या. पुढे 1986 साली हॅरॉल्ड ड्वोरॅक या संशोधकांनी कर्करोगाच्या गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटलं. गाठही जखमेसारखीच रक्तवाहिन्या मागवते, आधाराचं जाळं विणून घेते. फक्त काम संपल्याचा निरोप तिथे कोणी ऐकत नाही. आपल्याकडे अश्वत्थामा आठवेल, पण त्याची जखम निदान कपाळावर, दिसेल अशी तरी होती.

हे लिहिता लिहिता खपली निघाली. शपथेवर सांगतो, नखाने नाही, बाहीत अडकून. खाली गुलाबी, चकचकीत, लहान बाळाची असावी तशी कातडी आहे. अंगठ्याच्या रेषा तिथवर येतात आणि चिरेपाशी अडखळतात. एक रेषा तर पलीकडच्या भलत्याच रेषेला जाऊन मिळाल्यासारखी दिसते. फोनवर अंगठा टेकवला. तो थरथरला आणि म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा.