आमची वाटचाल: एक काठी, एक गिरणी

आमचा गेम बनवायचा स्टुडिओ सुरू झाला २०१५ साली, सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, अण्णांच्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर. खाली टॉवेलचे आठ लूम. ते चालू झाले की वर टेबलावरचा मॉनिटर थरथरायचा, आणि थरथर थांबली की समजायचं, लाईट गेली. भांडवल म्हणावं तर दोन जुने कॉम्प्युटर आणि प्ले स्टोअरवर खातं उघडायचे २५ डॉलर. ते एकदाच भरायचे असतात, म्हणून अण्णांनी फार विचारलं नाही.

आम्ही तिघं होतो. मी, कोड लिहिणारा माझा कॉलेजातला मित्र, आणि काका. काका म्हणजे चादरीचे डिझाईनवाले. तीस वर्षं त्यांनी आलेख कागदावर मोर, कमळं आणि वेलबुट्ट्या काढल्या. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डांची माळ जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चढवायची. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. पुढे कार्डांची कामं कॉम्प्युटरवर गेली आणि काका रिकामे झाले. त्यांना म्हटलं, ३२ बाय ३२ चौकोनांत एक माणूस काढून द्या. काका म्हणाले, "रंग किती?" मी म्हटलं, पाहिजे तेवढे वापरा. "मग जमणार नाही. आकडा सांग." आठ सांगितले. दुसऱ्या दिवशी बाराबंदी घातलेला माणूस तयार! धोतराच्या चुण्यासुद्धा दिसत होत्या. पिक्सेल आर्ट, म्हणजे चौकोनाचौकोनांचं चित्र, हा शब्द त्यांनी तोवर ऐकलेला नव्हता.

पहिला गेम नंदीध्वजाचा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात. एवढी उंच काठी एकटा माणूस तोलून चालतो, हे सोलापुरात लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फोन डावी-उजवीकडे कलवायचा आणि काठी तोलत न्यायची, एवढाच खेळ. आमच्या पहिल्या आवृत्तीत तोल गेला की काठी पडायची आणि गेम संपायचा. गल्लीतल्या एका आजोबांना दाखवला. त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "काठी पडत नसते बे." विषय संपला. मग काठी कलली की शेजारचे चौघं धावत येऊन सावरतात आणि तेवढा वेळ हातातून जातो, असं केलं. खेळ त्यामुळेच चांगला झाला असं मला अजून वाटतं. हरल्यासारखं वाटत नाही, म्हणून माणूस लगेच पुन्हा खेळतो.

जानेवारी २०१७ मध्ये, गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेतल्या जत्रेच्या, तोंडावर गेम प्ले स्टोअरवर टाकला. आधीच्या सप्टेंबरात जिओ आलं होतं, डेटा फुकट होता आणि ज्याच्या त्याच्या हातात नवा फोन होता. गेम १८ एमबीचा ठेवला होता, कारण स्वस्त फोनात जागाच नसायची. गड्ड्यात पाळण्याच्या रांगेत उभी पोरं हात तिरके करून फोन हलवताना पाहिली आणि मी तिथेच दोन भजी जास्त खाल्ली. जाहिरातींचे पैसे १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यावर येत नाहीत. आम्हाला पहिल्यांदा सात आठवडे लागले. २०१८ पर्यंत मात्र चार पगार त्या एका काठीवर निघत होते. आम्ही जुळे सोलापुरात गाळा घेतला, इन्व्हर्टर बसवला, पाटी लावली.

इथवर चढण. पुढचं सगळं माझ्या हट्टाचं.

मला मोठा गेम करायचा होता. मे १९३० मध्ये सोलापुरातून इंग्रजांचा अंमल काही दिवस उठला, मग मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. गेम त्या दिवसांतल्या एका गिरणी कामगाराच्या पोराचा. पोरगा पेठांमधून निरोप पोहोचवतो. कॉम्प्युटरवर खेळायचा, स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानात, विकायचा. दीड वर्ष धरलं होतं, साडेतीन लागली.

वेळ कुठे गेला ते सांगतो. गिरणीच्या आवाजासाठी आम्ही अण्णांचे लूम रेकॉर्ड केले. ऐकायला एका निवृत्त साचेवाल्यांना, म्हणजे गिरणीत माग चालवणाऱ्यांना, बोलावलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "धोट्याचा आवाज बरोबर. पण ही मोटार कुठून आली? आमच्या खात्यात वर एकच लांब दांडा फिरायचा, त्यावरून प्रत्येक साच्याला पट्टा. पट्ट्याचा फटफट आवाज कुठाय?" बरोबरच होतं त्यांचं. त्या पट्ट्यासाठी दोन महिने गेले. चित्रंही बदलली. खेळणाऱ्याला तो फरक कळणार होता का? नव्हता. पण मला कळत होता, आणि पगार तर मीच देत होतो ना!

पगार खरं तर काठी देत होती. पण गेम ६४ बिटच्या, म्हणजे नव्या जातीच्या, प्रोसेसरवर चालायला हवा हा प्ले स्टोअरचा नियम २०१७ च्या डिसेंबरातच जाहीर झाला होता. ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरवर अपडेट टाकायचं तर गेम ६४ बिटचाही हवा, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून तसा नसलेला गेम ६४ बिटच्या फोनवर दिसणारच नाही. आमचा गेम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत केलेला. नव्यात उघडला की जाहिराती बंद पडायच्या आणि काठी उलटी कलायची. पंधरा दिवसांचं काम, पण कोडवाला एकच आणि तो गिरणीत अडकलेला. मी दर वेळी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. अण्णा एकदा जेवताना म्हणाले, "चालू लूम बंद ठेवून कुणी नवा बसवतं का?" मी ऐकून घेतलं आणि ताटातली शेंगाचटणी संपवली.

लॉकडाऊनमध्ये कोडवाल्याला पुण्यात नोकरी लागली. त्याला मी अडवलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काठी नव्या फोनांवरून गेली. महिन्याभरात उत्पन्न पाव झालं.

गिरणीचा गेम २०२२ च्या मार्चमध्ये आला. खेळायला दीड तास लागायचा. स्टीमवर दोन तासांच्या आत खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. साडेतीन वर्षांचं काम त्या दोन तासांच्या आतच बसत होतं. नियम आधीपासून माहीत होता, तक्रार कुणाची करणार? कौतुक पुष्कळ झालं. पहिल्या महिन्यात चारशे प्रतीसुद्धा गेल्या नाहीत.

२०२३ मध्ये गाळा सोडला. इन्व्हर्टर खालच्या सलूनवाल्याने घेतला, खुर्च्या क्लासवाल्याने. मी पुन्हा पोटमाळ्यावर आलो आणि दुसऱ्यांच्या गेमसाठी चित्रं करून देतो. सोलापूरच्या भाषेत मजुरीवर. काका आठवड्यातून तीन दिवस येतात आणि अजून आधी रंगांचा आकडा विचारतात. काठीचा कोड गेल्या वर्षी नव्या युनिटीत बसवायला घेतला. जाहिराती लागल्या, पण काठी अजून उलटीच कलते. दोन जणांचा दीड-दीड महिन्याचा पगार राहिला होता. एकाचा दिवाळीत दिला, दुसऱ्याला गड्ड्यापर्यंत थांब म्हणून सांगितलंय.