तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा भोगली, मग खेळू का नये?

‘शिक्षा भोगून आला ना, मग खेळू द्या की!’ पॅरिस ऑलिंपिकपासून हे इतक्यांदा ऐकलंय, की एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं.

डच बीच व्हॉलीबॉलपटू स्टीव्हन व्हॅन डे व्हेल्डे. 2014 मध्ये, 19 वर्षांचा असताना, त्याने इंग्लंडमध्ये बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला. मार्च 2016 मध्ये तिथल्या न्यायालयाने चार वर्षं दिली. पुढे त्याला मायदेशी पाठवलं, डच कायद्याने शिक्षा घटली आणि जेमतेम वर्षभर आत काढून 2017 मध्ये तो पुन्हा वाळूवर उतरला. 2024 मध्ये डच ऑलिंपिक समितीने त्याला पॅरिसला पाठवलं.

आता हाच हिशोब डोपिंगला लावा. उत्तेजक मुद्दाम घेतलं तर पहिल्याच वेळी चार वर्षं बंदी. नुसती सामन्यांची नव्हे, संघाबरोबर सरावाचीही. सरावाची मुभा मिळते ती शेवटच्या दोन महिन्यांत. म्हणजे मार्च 2016 मध्ये तो उत्तेजकात अडकला असता, तर 2020 च्या जानेवारीपर्यंत संघाच्या सरावालासुद्धा उभं राहता आलं नसतं. बलात्काराला मात्र असं जागतिक कोष्टकच नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने हात वर केले: निवड राष्ट्रीय समितीची. डच समिती म्हणाली, तज्ज्ञांच्या मते पुन्हा गुन्ह्याचा धोका नाही.

‘जागा त्याने कमावली होती’ हेही अर्धंच खरं. क्रमवारीवर पात्रता मिळते, पण जागा राष्ट्रीय समितीच्या नावावर असते. कुणाला पाठवायचं ती सही समितीचीच. त्याच समितीने त्याला क्रीडाग्रामाबाहेर उतरवलं, पत्रकारांपासून लांब ठेवलं (त्याच्याच विनंतीवरून म्हणे). आयफेल टॉवरपाशी पहिल्याच सामन्यात नाव पुकारलं आणि हुर्यो उडाली. धोका नव्हता तर दडवलं कशाला?

पूर्वी मी सरळ आजन्म बंदीवाला होतो. मग चेड इव्हान्सचं झालं. हा फुटबॉलपटू. 2012 मध्ये बलात्काराबद्दल पाच वर्षं. 2014 मध्ये सुटल्यावर आधी शेफील्ड युनायटेड, मग ओल्डहॅम, दोन्ही क्लबांनी त्याला घेता घेता पाऊल मागे घेतलं. 2016 मध्ये दोषसिद्धी रद्द झाली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. माझी आजन्म बंदी तेव्हा कुठल्या तोंडाने मागे घेतली असती?

म्हणून आता म्हणतो, मूळ न्यायालयाने दिलेली मुदत पूर्ण उलटेपर्यंत देशाची जर्सी नाही, मग प्रत्यक्ष तुरुंगवास कितीही कमी होवो. पण ती चार वर्षं 2020 मध्येच संपतात. म्हणजे माझ्या नियमानेही तो पॅरिसला जातोच, आणि ते मला अजिबात पटत नाही.