आषाढात दोनशे फूट

कोकणातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर मुंबईची अर्धी गोदी सापडते. चाकरमानी गणपतीला येताना काय उचलून आणील याचा नेम नसे. श्रीवर्धनला आमच्या नानांकडे अशीच एक काळी, गोल वस्तू आहे. मुठीपेक्षा मोठी, पुढे काच, आत तीन काटे, मागे नळी जोडायचं तोंड. आजोबा गोदीत कामाला होते, त्यांनी ती आणली, आणि घरात तिचा इतिहास कायमचा ठरून गेला : जपान्यांचं विमान पाडलं, त्यातलं घड्याळ.

आता घड्याळ म्हणावं तर तबकडीवर शून्य ते नऊच आकडे. दहा, अकरा, बारा वाजण्याची सोयच नाही. शिवाय एका खिडकीत मिलिबारचे, म्हणजे हवेच्या दाबाचे, आकडे आणि खाली फिरवायची खुंटी. म्हणजे हा विमानाचा उंचीमापक, अल्टिमीटर. जपानीही नव्हे, कारण जपानी विमानं उंची मीटरमध्ये मोजत आणि इथे सगळा हिशेब फुटांचा. मागचा मळ हलक्या हाताने पुसला तेव्हा एक मुकुट दिसला, त्याखाली ‘ए एम’ ही अक्षरं. ही ब्रिटनच्या एअर मिनिस्ट्रीची खूण. ते खातं १९१८ साली निघालं आणि १९६४ साली संरक्षण मंत्रालयात विरून गेलं. शेजारी ‘६ ए’ने सुरू होणारा क्रमांक होता. त्यांच्या भांडारात ६ ए हा उड्डाणाच्या उपकरणांचा विभाग.

इथवर सोपं होतं. “पण विमान कुठलं?” हा प्रश्न आला आणि गाडी अडली. वाडीत अनोळखी माणूस दिसला की आपण ‘कोणाच्यातला?’ असं विचारतो. क्रमांक तेवढंच सांगतो. आडनावावरून गाव कळतं, पण सात-बाऱ्यावर नाव आहे की नाही ते तलाठ्याकडेच कळायचं. ब्रिटिश हवाई दलाने सहा मुख्य उपकरणांची एक ठरावीक पाटी केली होती. ती स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर अशा कितीतरी विमानांत बसे. एक नग एकाच विमानाशी बांधायचा तर त्या विमानाच्या कागदांत त्या नगाचा क्रमांक हवा. तो नाही. शिवाय दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जादा माल डिस्पोजलमध्ये लिलावाने गेला, त्यात खोक्यातून कधी बाहेरच न आलेले सुटे भागही होते. हा काटा आकाशात कधी गेलाच नसेल, असंही असू शकतं. जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र अशी प्रत्येक तबकडी स्पिटफायरमधलीच असते. इतकी स्पिटफायर खरोखर असती तर लढाई आठवड्यात संपली असती.

मला खरी गंमत वाटली ती आतल्या डबीची. हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची ही डबी बाहेरचा दाब कमी झाला की फुगते आणि काटे पुढे सरकवते. डबीला ती विमानात आहे की फडताळात याच्याशी देणंघेणं नाही. दाब उतरला म्हणजे आपण वर चढलो, एवढंच तिला कळतं. समुद्रसपाटीला एक मिलिबार म्हणजे साधारण २७ फूट. इकडे सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला तीनेक मिलिबार उतरतो. काचेवर टिचकी मारून पाहिलं, तर नानांची वामकुक्षी आटोपेपर्यंत घर ऐंशीएक फूट वर गेलेलं. जानेवारीत काटे शून्यावर लावले तर आषाढात ते दोनशेच्या वर असतात, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावरचा दाब हिवाळ्यापेक्षा आठ-नऊ मिलिबारनी कमी असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळच किनाऱ्याला लागलं. त्या दिवशी काटा कुठवर चढला हे कुणी पाहिलं नाही. कौलं उडत असताना कोण तबकडीकडे बघणार?

थोडक्यात, डबी अजून जिवंत आहे. आणखी एक गोष्ट जिवंत आहे, ती मी काकूंना घाबरतच सांगितली. अशा तबकड्यांवरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून किरणोत्सर्गी रेडियमचा लेप देत. लेपातलं झिंक सल्फाइड थकलं की चमक जाते, रेडियम मात्र तिथेच राहतं. ते निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. तेव्हा काच उघडायची नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. काकूंनी त्याच संध्याकाळी ती वस्तू लोणच्याच्या बरण्यांजवळून हलवून बाहेर पडवीतल्या कपाटात ठेवली आणि नानांकडे असं पाहिलं की जणू रेडियम त्यांनीच फासलं होतं.

चुलतभावाला ती विकायची आहे. “स्पिटफायर लिही रे, कोण तपासतंय?” म्हणाला. मी चिठ्ठीवर लिहिलं : ब्रिटिश हवाई दलाच्या भांडारातला उंचीमापक, विमान अज्ञात.

नानांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली.

“अज्ञात कशाला? जपान्यांनी पाडलेलं, असं लिही. म्हणजे तुझा इंग्रजही राहिला नि बाबांचा जपानीही.”