‘कमीत कमी’ दिसलं की लसावि? उजळणी घेतानाचा माझा अनुभव

सहावी-सातवीच्या मुलांची विभाजक-विभाज्यांची उजळणी घ्यायला बसलं की सगळ्यात आधी आडवा येतो तो सरावाचा कागद. वर ठळक मथळा ‘लसावि काढा’ (लघुतम सामाईक विभाज्य), खाली उदाहरणांची रांग. दुसऱ्या कागदावर मथळा ‘मसावि काढा’ (महत्तम सामाईक विभाजक). मुलं दोन्ही कागद झरझर सोडवतात, पालक खूश होतात आणि परीक्षेत शाब्दिक उदाहरण आलं की तेच मूल विचारतं, ‘‘यात लसावि काढायचा की मसावि?’’ विचारणारच. आजवर तो निर्णय मथळ्याने परस्पर घेतलेला असतो. या मथळ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

सोपं आहे ते आधी उरकते. विभाजक सुटेसुटे लिहिले की मधला एखादा गळतो, म्हणून मी जोड्याच लिहायला लावते. ७२ साठी १×७२, २×३६, ३×२४, ४×१८, ६×१२, ८×९. पुढची जोडी ९×८, म्हणजे आधीचीच उलटी, तिथे थांबायचं. हमखास गळते ती ४×१८, कारण अठराचा पाढा कच्चा. ताळा हवा असेल तर मूळ अवयव पाडा: ७२ = २×२×२×३×३. दोन तीनदा, तीन दोनदा; किती वेळा आले त्या आकड्यांत, ३ आणि २ मध्ये, एकेक मिळवून गुणायचं, ४×३ = १२. बारा विभाजक हवेतच. ३६ ला मात्र ६×६ मधला सहा एकदाच मोजायचा, म्हणून तिथे नऊ येतात.

मूळ संख्यांत ५१, ५७ आणि ८७ फसवतात, पण अंकांची बेरीज केली की तीनने भाग जातो हे लगेच कळतं. शंभरच्या आत २, ३ आणि ५ च्या विभाज्यतेच्या कसोट्यांतून निसटणाऱ्या संयुक्त संख्या तीनच: ४९, ७७, ९१. एवढ्या पाठ असल्या की पुरे. आणि १ ही मूळही नाही, संयुक्तही नाही.

आता घोडं अडतं ते इथे. मुलांना कुणीतरी घोटवून ठेवलेलं असतं की ‘कमीत कमी’ दिसलं की लसावि, ‘जास्तीत जास्त’ दिसलं की मसावि. मग हे उदाहरण द्या: खोली ४२० सेमी लांब, ३६० सेमी रुंद. एकसारख्या चौरस फरश्या, एकही न कापता, बसवायच्या आहेत. कमीत कमी किती लागतील? मूल ‘कमीत कमी’ वाचतं, लसावि काढतं, २५२० येतात आणि उत्तराखाली दोन रेघाही मारतं. सव्वाचार मीटरही लांब नसलेल्या खोलीत पंचवीस मीटरची फरशी! हिशेब एका ठिकाणीही चुकलेला नसतो, हेच जास्त खुपतं.

खरं तर फरश्या कमी लागायच्या तर फरशी मोठी हवी. तिच्या बाजूने ४२० लाही पूर्ण भाग जायला हवा, ३६० लाही. म्हणजे सामाईक विभाजक, त्यांतला सर्वांत मोठा: ६०. लांबीत ७, रुंदीत ६, एकूण ४२ फरश्या. उलट बाजूचं उदाहरण: ८, १२ आणि १५ या तिन्हींनी पूर्ण भाग जाणारी सर्वांत मोठी तीन अंकी संख्या कोणती? शब्द ‘सर्वांत मोठी’, काम लसाविचं. लसावि १२०. ९९९ ला १२० ने भागलं की बाकी ३९, ती वजा केली की ९६०.

म्हणून शब्द हुडकणं मी बंद करून टाकते. पेन खाली ठेवायचं आणि आधी एकच विचारायचं: दिलेल्या संख्येचे सारखे भाग पाडायचेत, की ती पुन्हापुन्हा घेत पुढे जायचंय? भाग पाडायचे तर विभाजक, पुढे जायचं तर विभाज्य. दर ६ मिनिटांनी एक घंटा, दर ८ मिनिटांनी दुसरी, दोन्ही पुन्हा एकत्र कधी वाजतील? इथे आपण पुढे जातोय, उत्तर २४ मिनिटांनी. लगेच दुसरा अंदाज: उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा लहान येणार की मोठं? मसावि सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही, लसावि सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा लहान असूच शकत नाही.

सरावाचा कागद स्वतःच करा. मथळा नाही, दहा शाब्दिक उदाहरणं, मसावि-लसावि सरमिसळ, मध्ये एक-दोन अशी की ज्यांत दोन्हीची गरजच नाही. पहिल्या फेरीत काहीही सोडवायचं नाही; समासात फक्त ‘भाग’ किंवा ‘पुढे’ आणि त्याशेजारी ‘लहान’ किंवा ‘मोठं’. मुलं ‘‘सोडवू का आता?’’ म्हणून मागे लागतात. धीर धरा (मलाही तो सहज धरता येत नाही). समास तपासून झाल्यावरच आकडेमोड.

बाकीची उदाहरणंही याच नियमाने सुटतात. ५, ६ आणि ८ ने भागल्यावर दर वेळी ३ बाकी उरणारी, ३ पेक्षा मोठी सर्वांत लहान संख्या: लसावि १२०, त्यात ३ मिळवा, १२३. पण १३० आणि २०२ यांना ज्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागल्यावर ४ बाकी उरते ती हवी असेल, तर बाकी आधीच वजा करायची: १२६ आणि १९८, मसावि १८.

हे खरं आधी यायला हवं होतं: उभ्या मांडणीत मुलं कुठे अडखळतात. १२, १५, २० चा लसावि. तिन्हींना भाग जाईल अशी मूळ संख्या नाही, म्हणून १२×१५×२० = ३६०० करून मोकळी होतात. लसाविसाठी एकीलाच भाग गेला तरी भागायचं, बाकीच्या जशाच्या तशा खाली उतरवायच्या. २ ने: ६, १५, १०. पुन्हा २ ने: ३, १५, ५. ३ ने: १, ५, ५. ५ ने: १, १, १. लसावि २×२×३×५ = ६०. ‘मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार’ हेही दोनच संख्यांपुरतं; ४, ६, १० घेतल्या तर मसावि २, लसावि ६०, गुणाकार १२०, आणि संख्यांचा गुणाकार २४०.

३२३ आणि ३९१ सारख्या जोडीचा मसावि काढताना अवयव पाडत बसू नका, भागाकार पद्धत लावा. ३९१ ला ३२३ ने भागलं, बाकी ६८. ३२३ ला ६८ ने, बाकी ५१. ६८ ला ५१ ने, बाकी १७. ५१ ला १७ ने, बाकी शून्य. मसावि १७.

कसोट्यांत एक राहिलं. १२ साठी ३ आणि ४ च्या कसोट्या लावायच्या, २ आणि ६ च्या नाही. १८ ला २ नेही भाग जातो, ६ नेही जातो, १२ ने जात नाही. निवडलेल्या दोन संख्या सहमूळ हव्यात, म्हणजे १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नको.

आणि भागाकारातलं शून्य. १२३६ ÷ १२ चं उत्तर १३ लिहिणारी मुलं दर वेळी भेटतात. ३ खाली घेतल्यावर त्यात १२ बसत नाहीत, तिथे भागाकारात ० लिहूनच ६ खाली घ्यायचा. उत्तर १०३. भागण्याआधी ‘बाराशे भागिले बारा शंभर’ असा अंदाज बाजूला लिहून घेतला की १३ लिहिणारं मूल स्वतःच थबकतं.