माझ्याच अक्षरातल्या पावत्या

गावातल्या विकास सेवा संस्थेत खत विभागाच्या काउंटरवर मी २००८ पासून बसतो. पंचगंगेच्या काठचं, करवीर तालुक्यातलं गाव. गोदाम, दोन ताडपत्र्या, एक हमाल आणि काही वर्षांपासून ई-पॉसचं, म्हणजे अंगठा घेऊन विक्री नोंदवायचं मशीन. लोकांना वाटतं, खत विकणं म्हणजे पोतं उचलून द्यायचं आणि पैसे घ्यायचे. तसं राहिलेलं नाही. पोतं गोदामातून हललं तरी मशीनवर अंगठा उठल्याशिवाय ती विक्री धरत नाहीत, आणि विक्री धरली नाही तर कंपनीला सरकारकडून अनुदान मिळत नाही. त्यामुळं गोदामातली पोती आणि मशीनमधली पोती जुळवण्यातच माझा निम्मा दिवस जातो.

आणि अंगठे उठत नाहीत. जन्मभर खुरपं आणि ऊस धरलेल्या हातांवर रेषा राहतात कुठं? उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मी काउंटरवर ओलं फडकं ठेवतो, बोट पुसायचं, वाळवायचं, हलकं दाबायचं. जोरात दाबलं की मशीन हमखास नाही म्हणतं. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही, रांगेतल्या म्हाताऱ्यांनी शिकवलं.

गोष्ट जून २०२४ मधली. वर्षाच्या सुरुवातीला लावलेल्या सुरू उसाच्या भरणीचे, म्हणजे खत देऊन बुडाला माती चढवायचे दिवस, पाऊस तोंडावर. डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत, संपलेलं. आदल्या आठवड्यात आलं होतं, पण त्याच्यासोबत न मागितलेल्या बाटल्या आणि डबे आमच्या गळ्यात मारले होते. आमच्या धंद्यात याला लिंकिंग म्हणतात. अध्यक्षांनी ते शेतकऱ्याच्या माथी मारायला नको म्हटलं, म्हणून ते आजही गोदामात पडून आहेत. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच काही करत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

दहाच्या सुमाराला आक्का आल्या. तीस गुंठे रान, मालक जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. आमच्या संस्थेच्या जुन्या सभासद. हातात रेक्झिनची पिशवी.

"चार युरिया दे," म्हणाल्या.

"आक्का, चार कशाला? भरणीला तीस गुंठ्यांना दीड-दोन पोती लई झाली. त्यापेक्षा पोटॅश घ्या की."

"केवढ्याला?"

"सतराशेच्या आसपास."

त्यांनी पिशवीतनं पावत्यांचा गठ्ठा काढला आणि काउंटरवर आपटला. शेअरचा दाखला शोधताना मालकांच्या पेटीत सापडलेला. वरची पावती २००९ ची. त्यावर पोटॅशचं पोतं सव्वादोनशेच्या थोडं वर लिहिलेलं.

"हे वाच. आनि आता मला सतराशे सांगतोयस व्हय रं? बाईमानूस बघून?"

मागं वीसेक माणसं उभी. सगळी गप्प.

मी वाचलं. पावती खरी होती. त्या काळी सरकारनं ठरवलेला पोटॅशचा दर करापूर्वी टनाला ४,४५५ रुपये होता आणि युरियाचा ४,८३०. म्हणजे पोटॅशचं पोतं युरियापेक्षा स्वस्त. आज हे सांगितलं तर रांगेतली पोरं हसतात, त्यांना खरंच वाटत नाही. १ एप्रिल २०१० पासून सरकारनं अनुदान अन्नद्रव्यावर द्यायला सुरुवात केली: नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅशच्या पोत्यात असतो तो), गंधक, किलोमागे ठरलेली रक्कम, आणि विक्रीचा दर कंपन्यांनी ठरवायचा. कागदावर विचार चांगला होता, की शेतकऱ्यानं समतोल खत घालावं. पण युरियाला त्यातून बाहेर ठेवलं. त्याचा दर सरकारच्याच हातात राहिला. बाकीची खतं चढत गेली आणि युरिया जवळपास होता तिथंच थांबला. आजही ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना आहे.

हे मी आक्कांना भरल्या रांगेत सांगितलं. पोटॅशवर सरकार आता किती देतं, तेही सांगितलं. २०२२ च्या खरिपात पालाशला किलोमागे २५ रुपये ३१ पैसे होते, २०२४ च्या खरिपाला २ रुपये ३८ पैसे. पोत्यात तीस किलो पालाश, म्हणजे पोत्यामागे एकाहत्तर रुपये. युरियाच्या पोत्यामागे सरकार सोसतं ते हजाराच्या कितीतरी वर.

"मंग सरकारच सांगतंय की युरिया घाल म्हनून," आक्का म्हणाल्या.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस भिंतीवर लावलेली आहे: सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश, पालाश निम्मा लागणीला, निम्मा भरणीला. त्याच्या शेजारीच दरफलक आहे. माणूस कुठला कागद वाचणार? शिवाय कारखाना पैसे वजनावर देतो. उतारा, म्हणजे उसातनं निघणारी साखर, सगळ्या कारखान्याचा मिळून एक धरतात, आणि त्याच्यावर एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर. २०२४-२५ साठी १०.२५ टक्क्यांना टनाला ३,४०० रुपये, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. पोटॅश घालून कुणाच्या उसात साखर जास्त भरली म्हणून त्याला चार पैसे वेगळे मिळत नाहीत. युरिया घातला की आठ दिवसांत ऊस काळाभोर होतो, शेजारी बांधावर थांबून बघतो. पोटॅश घातलं की काहीच दिसत नाही. काळ्या रानात पालाश मुळातच साठलेला असतो, त्यामुळं बंद केलं तरी कैक वर्षं कळत नाही. आक्कांच्या रानाच्या जुन्या माती तपासणीत पालाश भरपूर होता, अलीकडच्या पत्रिकेत मध्यम. तो असाच, न बोलता उतरला.

२०१८ मध्ये युरियाचं पोतं पन्नासचं पंचेचाळीस किलोचं केलं, वापर कमी व्हावा म्हणून. आमच्याकडं हिशोब किलोत कधी नव्हताच, पोत्यात होता. ज्याला चार पुरत होती तो पाच न्यायला लागला. हे आधी काउंटरवरच्या कुणाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

बोलता बोलता मी गठ्ठा चाळत होतो. २००९: युरिया, १०:२६:२६ (नत्र-स्फुरद-पालाशाचं मिश्र खत), पोटॅश. २०१०: तसंच. २०११: पोटॅश एकच पोतं. २०१२: युरिया आणि डीएपी. त्यापुढं एकाही पावतीवर पोटॅश नाही. आणि सगळ्या पावत्या माझ्या अक्षरात.

तेव्हा मला मालक आठवले. २०१२ ची भरणी, पोटॅश आठशेच्या पुढं गेलेलं. ते काउंटरला टेकून उभे होते, पिशवीतले पैसे मोजत. मीच म्हणालो होतो, "मामा, राहू दे एवढ्या वेळेला. पुढच्या साली उतरंल."

उतरलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही नाही. असं किती जणांना म्हणालो असेन, याचा विचार त्या रात्रीपासून डोक्यातनं जात नाही. मला ते त्यांच्या भल्याचं वाटलं होतं, खिशात नसलेल्या पैशाचं खत कशाला गळ्यात बांधायचं म्हणून. पण मी शिफारस वाचलेला माणूस होतो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

आक्कांना हे मी रांगेत सांगितलं नाही.

एवढंच म्हणालो, "तुमच्या रानाला अर्धंच पोतं लागतंय."

त्यांच्याकडं साडेअकराशे रुपये होते, कर्जातली खताची मर्यादा संपलेली. मागचा एक पोरगा, त्याचंही रान तेवढंच, म्हणाला, "अर्धं मला द्या, अर्धे पैसे मी देतो." असं सोपं असतं तर काय! मशीनवर विक्री एकाच्याच नावावर होते. शेवटी आक्कांच्या नावावर पोतं काढायचं ठरलं. त्यांचा अंगठा चौथ्या खेपेला, डाव्या हाताच्या मधल्या बोटावर उठला. पोरानं आठशे पन्नास दिले. एक पोतं युरिया, अर्धं पोटॅश, वर थोडे सुट्टे पैसे. उरलेलं एक युरिया लागलं तर नंतर न्या म्हणालो. पावत्या त्यांनी पुन्हा पिशवीत घातल्या.

जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. आक्कांचं रान पुराच्या वर आहे, ते वाचलं. दिवाळीनंतर मी मुद्दाम बांधावर गेलो. आक्का तिथंच वैरण काढत होत्या.

"निम्म्याच सऱ्यांना घातलं ते," म्हणाल्या. "ह्या बाजूला तुजं, त्या बाजूला नुसता युरिया. बघू की, तुजं खरं का माजं."

ऊस दोन्हीकडचा उभा होता. परतीच्या पावसात त्या बाजूचा थोडा लोळलेला वाटला, पण तिकडं वाराही मोकळा लागतो. त्यावरून मी काही म्हणणार नाही.

तोवर कारखान्याची तोडीची चिठ्ठी आलेली नव्हती. मी म्हटलं, "आक्का, तोडीच्या दिवशी मला निरोप द्या, दोन्हीकडच्या मोळ्या वेगळ्या मोजू."

"ट्रॉली एकच भरत्यात," त्या म्हणाल्या. "तोडकरी थांबनार हाईत व्हय तुज्यासाठी?"