माझा अनुभव : रीजन्सी कादंबरी मराठीत लिहिताना ‘यू’ने केलेला छळ

वेश, घोडागाड्या, नाचाच्या रांगा, नायकाचं वार्षिक उत्पन्न, हे सगळं वाचून जमतं. जेन ऑस्टिनच्या काळातली (म्हणजे रीजन्सी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधली) नवी गोष्ट मराठीत लिहायला घेतली तेव्हा माझं घोडं अडलं ते ‘यू’पाशी. इंग्रजी लेखक या एका शब्दावर अख्खी कादंबरी काढतो. सरदार असो, बायको असो, दारातलं कुत्रं असो, ‘यू’च. आपल्याकडे पहिल्या संवादाचं क्रियापद लिहायच्या आधीच ठरवावं लागतं: आलास, आलात, की आपण आलात? मी न ठरवता सुरुवात केली आणि सात प्रकरणं दोनदा लिहिली. राग अजून आहे, म्हणून आधी तेच.

माझ्या कादंबरीतलं घर वेलबींचं. मुली तीन: शार्लट, हॅरिएट, सोफी. आईवडील मुलींना तू, बहिणी एकमेकींना तू, यात वाद नाही. मुली वडिलांना तुम्ही. आईलाही मी तुम्हीच ठेवलं, कारण त्या काळी मुलं आईवडिलांशी ‘सर’, ‘मॅम’ लावून बोलत. (लाडाची हाक मात्र ‘मामा’ अशी लिहू नका, वाचक आईच्या भावाची वाट बघत बसतो. ‘ममा’ लिहा.) खरी गोम नवराबायकोत. ते एकमेकांना मिस्टर वेलबी, मिसेस वेलबी म्हणतात, म्हणजे दोन्हीकडून तुम्ही. बाईंच्या तोंडी एकदाच ‘अहो, ऐकलंत का?’ घातलं आणि हॅम्पशरच्या दिवाणखान्यात झोपाळा कुरकुरायला लागला. मग ‘ऐकलंत का, मिस्टर वेलबी?’ एवढंच ठेवलं. नवऱ्याने बायकोला घातलेलं तुम्ही आपल्या कानाला टोमण्यासारखं लागतं. नवरा तिरकस असेल तर ते फायद्याचंच.

यातच ‘मिस’चं त्रांगडं. मिस वेलबी ही फक्त थोरली, शार्लट. बाकीच्या मिस हॅरिएट आणि मिस सोफी. शार्लट खोलीत नसेल तर हॅरिएटला मिस वेलबी म्हणता येतं, आणि शार्लटचं लग्न झालं की ते नाव कायमचं हॅरिएटकडे येतं. माझ्याकडे शार्लट चौदाव्या प्रकरणात सासरी जाते, त्यामुळे पंधराव्यात एका पात्राने ‘मिस वेलबी’ म्हटलं की वाचणारा गोंधळलाच. तळटीप देऊ नका, कोणी वाचत नाही. पहिल्या प्रकरणात धाकटीला कोणीतरी चुकून मिस वेलबी म्हणावं आणि आईने तिथल्या तिथे दुरुस्त करावं, काम झालं. निवेदनात कायम नुसतं शार्लट, हॅरिएट. ‘सर’ पहिल्या नावाला लागतं, आडनावाला नाही: सर जॉन. त्याची बायको मात्र लेडी आणि आडनाव. लेडी अॅन असं पहिलं नाव लागलं तर ती अर्ल किंवा त्याहून वरच्या सरदाराची मुलगी.

नावांवरून पत्रं आठवली. त्या काळची बहुतेक पत्रं बैरंग. पैसे घेणारा भरायचा, मैल आणि कागद मोजून. १८१२च्या दराने ५० ते ८० मैलांना एका कागदाचे ८ पेनी, दोन कागद असले की दुप्पट. पाकीटसुद्धा कागदात धरलं जायचं, म्हणून एकच कागद घडी घालून लाखेने बंद करत. तुमच्या नायिकेने पाकीट फाडलं की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. खासदाराची सही असेल तर पत्र फुकट जाई. गरीब मावशीचं लांबलचक पत्र पोहोचवायला हा खासदार फार उपयोगी पडतो. लग्न न ठरलेल्या मुलीने तरुणाला पत्र लिहिलं तर लोक लग्न ठरलं असंच समजत.

लग्न सकाळी ८ ते १२, चर्चमध्ये. गोरज मुहूर्त फक्त आर्चबिशपच्या खास परवान्यावर. एरवी तीन रविवारी चर्चमध्ये घोषणा, नाहीतर साधा परवाना. त्या परवान्यावर २१ वर्षांखालच्यांना वडिलांची संमती लागे. हे नियम घालणारा १७५३चा विवाह कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळणारी जोडपी तिकडे पळत.

हे रविवार मोजायला भिंतीवरचं जुनं कॅलेंडर जपून ठेवा. सालात २०८ मिळवा, वार जुळतात: १८१३ला २०२१चं चालतं. चंद्रासाठी २०९ मिळवा, म्हणजे २०२२चं. पौर्णिमा एखाद-दीड दिवसाच्या फरकाने मिळते. खेड्यात रात्री गाडी चांदण्यावर चाले, त्यामुळे अमावास्येला नाचाची मेजवानी ठेवू नका (मी ठेवली होती). ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला नेदरफील्डचा नाच २६ नोव्हेंबरला, मंगळवारी. हा मेळ १८११ला बसतो. त्या रात्रीचा चंद्र एकादशीच्या आसपासचा निघतो. ऑस्टिनबाईंनी तो बघितला होता की नाही देव जाणे, पण परतीच्या वाटेला उजेड आहे.

आता मागणीचा प्रसंग. इथे महिना गेला. पहिली मागणी, जी हॅरिएट नाकारते, ती सोपी: दोघंही तुम्ही. दुसरीत कुठेतरी तू यायला हवं. इंग्रजीत हा बदल ‘मिस’ गळून नुसतं हॅरिएट उरतं तिथे कळतो. दोघांनाही तू दिलं, तर हॅरिएट कॉलेजच्या कट्ट्यावर जाऊन बसली. कर्त्याविना बोलून बघितलं, ‘बसायचं का?’, ‘येणं कधी झालं?’, चार वाक्यं गोड वाटतात, दहाव्या वाक्याला दोघं मध्यस्थ वाटायला लागतात. ‘आपण’ मी सरदारांसाठी राखून ठेवलं होतं, कारण त्यात समोरचाही येतो आणि दोघंही. शेवटी तेच कामाला आलं. एरवी तुम्ही म्हणणारी हॅरिएट विचारते, ‘आपण हिवाळ्यात लंडनला राहणार?’ नायक जरा थांबतो आणि म्हणतो, ‘तुला आवडणार असेल तर.’